रिकामी पेशी

३ फेब्रुवारी १९७८
नागपूरला पोचलो. वनस्पतिशास्त्राचा अधिव्याख्याता झालो, पुण्याबाहेर का होईना. धंतोलीतली खोली प्रशस्त, हवेशीर. मागच्या अंगणात दगडी टाकं आहे, शेवाळानं हिरवंगार. पाहूनच प्रवासाचा शीण गेला. खोलीत भागीदार मात्र आहे: आमच्याच विभागातला डेमॉन्स्ट्रेटर चंद्रभान, भिवापूरचा. ‘मले’, ‘तुले’ बोलतो, ठेच्याशिवाय जेवत नाही. शेवाळाला कचरा म्हणाला. हा माणूस मुलांना प्रात्यक्षिकं शिकवतो.

१९ फेब्रुवारी
शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मूळ नाही, खोड नाही, पान नाही. पेशीला पेशी जोडलेला नुसता धागा, पेशीपेशीत हरितद्रव्याची मळसूत्री फीत. स्पायरोगायराच, पण फीत उलटी वळलेली. नवी जात असणार. तिला माझं नाव देईन आणि या गावाला रामराम करीन. चंद्रभानला दाखवलं. “छान दिसून राहिलं सर,” एवढंच म्हणाला. म्हशीला दाखवलं असतं तर तिनं निदान खाल्लं असतं.

२५ मार्च
ऊन असह्य. टाकं आटत चाललंय. चंद्रभान तेच पाणी कूलरमध्ये ओततो, आणि हिरवट वासाचे तुषार दोघांच्या खाटांवर उडतात. सांगून उपयोग नाही.
वर्गात संयुग्मन शिकवलं. पाणी आटू लागलं की दोन धागे शेजारी येतात. समोरासमोरच्या पेशींना फुगवटे येतात, ते जुळून नळी होते आणि एका पेशीतलं सगळं जीवद्रव्य दुसरीत जातं. भरलेलीत जाड कवचाचा बीजाणू होतो, तो उन्हाळा काढतो. दुसरी रिकामी उरते. कुणालाही कळलं नाही. बैलांचे चेहरे.

६ एप्रिल
माझ्या उजव्या दंडावर हिरवट फुगवटा. चंद्रभानच्या डाव्या दंडावरही. तो घामोळं म्हणतो. डॉक्टरही घामोळंच म्हणतो. दोघांची शाळा एकच असावी.

९ एप्रिल
शिकवताना ‘हरितद्रव्य’ हा शब्द आठवेना. मागून चंद्रभाननं सांगितला. स्वच्छ पुणेरी उच्चारात.

१३ एप्रिल
जाग आली तर त्याचा दंड माझ्या दंडाला चिकटलेला. ओढून सोडवला. दुखलं नाही. पोकळ वाटलं.
तो घाबरून म्हणाला, “सर, मले काहून तुमची स्वप्नं पडून राहिली? पेठेतला जिना, तुमच्या वडिलांचा खोकला. मी तर पुणं पाहिलंच नाही.”
मी त्याला मूर्ख म्हणालो. मग वडिलांचा खोकला आठवून पाहिला. आठवला नाही.

१७ एप्रिल
माझी खाट अंगणात नेली. उठलो तो खोलीत, त्याच्या शेजारीच. माझ्याच पायांना अंगणातली माती —

२० एप्रिल
माझे वर्ग आता तोच घेतो. चांगले घेतो म्हणे. अंगानं भरलाय, कातडी जाड, तुकतुकीत. मी हलका. फार —

२४ एप्रिल
चंद्रभान रडतो. “सर, हे वापस कसं करू?” परत द्यायची रीत नाही. मीच शिकवलं होतं — बहुतेक मीच —
माझ्या आईचं नाव विचारलं त्याला. लगेच सांगितलं.
गोड आहे. लिहून ठेवतो. ते —