नऊ ते एक

प्रिय धाकटे,

पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते, आम्ही ठणठणीत आहोत. तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून घरातला एकेक नळ दुरुस्त करतात आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं, एवढंच.

मी मात्र कामाला लागले आहे. तळ्याकडच्या गल्लीत शिंप्याची एक रिकामी खोली होती, तिथे रोज नऊ ते एक मी बारा पोरं सांभाळते. सगळी एक ते चार वर्षांची. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी घरोघरी फिरून माहिती काढली, तेव्हा कळलं की आपल्याकडची पाण्यात बुडालेली मुलं बहुतेक याच वेळात गेली. आया कामावर, मोठी भावंडं शाळेत आणि घरी कुणीतरी एकटं, हातात दहा कामं घेऊन. मग गल्लीनेच ठरवलं की या चार तासांत मुलं एकत्र ठेवायची. सुताराने दाराला कमरेएवढं फाटक करून दिलं. बायकांनी दोन रविवार खपून तळ्याला कुंपण घातलं.

नर्सबाई मला विचारायला आल्या, तेव्हा मी त्यांना पाणीही न विचारता वाटेला लावलं. का, ते तुला सांगायला नको. दुसऱ्यांदा आल्या, तेव्हाही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, नाही म्हणालात तरी चालेल, पण त्या तळ्याला तुमच्याइतकं इथे कुणी ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी नऊच्या आधीच मी ती खोली झाडत होते.

सुरुवातीला दर पाच मिनिटांनी डोकी मोजायचे. एक कार्टं मोजणी सुरू झाली की मुद्दाम टेबलाखाली लपायचं आणि माझा जीव टांगणीला लावायचं. नर्सबाईंनी गल्लीतल्या आम्हा सहाजणींना रबरी बाहुलीवर शिकवलं, श्वास कसा द्यायचा, छाती कशी दाबायची. बाहुलीपुढे बसलं की मी हात मागे घ्यायचे. त्यांनी कधी घाई केली नाही. माझ्या हातांवर आपले हात ठेवून त्या शांतपणे आकडे मोजायच्या.

गेल्या महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, सुताराची दोन वर्षांची लेक अंगणातल्या हौदात पडली. तिच्या आजीची किंकाळी ऐकून मी धावले. पोर निळी पडली होती. माझे हात कधी चालू लागले, मला कळलंही नाही. शेवटी तिने पाणी ओकलं आणि असं भोकाड पसरलं की गल्ली गोळा झाली. दोन दिवस दवाखान्यात होती. आता खोलीत येऊन माझी वेणी ओढते. सुतार तिला सोडायला येतो आणि दारात नुसता उभा राहतो. मी मनातल्या मनात नर्सबाईंना, त्या कुंपणवाल्या बायकांना, सगळ्यांना हात जोडते.

पण आजीने नातीला घेणंच सोडलं. माझ्या हातून झालं, एवढंच म्हणत राहायची. तुमचा दोष नाही, अशी मी तिची समजूत घालायला बसले आणि बोलता बोलता मला तू आठवलीस. जे तिला सांगत होते, ते अठ्ठावीस वर्षांत मी तुला सांगितलं नव्हतं.

माझ्या लहानग्या पिटूला तुझ्यापाशी ठेवून त्या सकाळी मी कारखान्यात निघाले, तेव्हा तू अवघी सोळा वर्षांची होतीस आणि तुझं अंग तापाने फणफणलं होतं. ताई, आज नको ना जाऊस, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, नाटकं करू नकोस. हे मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. पिटू तळ्यात बुडाला म्हणून लोक तुला बोलले, तुझ्या भावोजींनी दोन वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही, तरी मी गप्प बसले. आणि तूही कधी चकार शब्द काढला नाहीस. तुझ्या त्या गप्प राहण्यावर माझा संसार तरला, धाकटे. काल तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, आई माझ्या बाळाचं सगळं करते, पण घरात दुसरं कुणी नसेल तर त्याला हात लावत नाही. मी तिला खरं काय ते सांगितलं. मग तुझ्या भावोजींनाही सांगितलं. ते उठले आणि तुझ्याकडे येण्यासाठी स्वतःच पिशवी भरायला लागले. शनिवारी आम्ही येतो आहोत. आल्यावर मी तुझ्या लेकीला घेऊन तासभर बाहेर जाणार आहे, भावोजींनाही सोबत नेईन. बाळ तुझ्याजवळ राहील.

तुझीच,
ताई