तिसऱ्या गिअरचा हब

३ नोव्हें., रवि.
माझ्या हातानं केलेलं, विकत न आणलेलं: अंगणाचं गेट. कूलर दोन (एक अजून चालतो). वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर, वायंडिंगसकट. चेनपुली टांगायची तिपाई, पाण्याच्या जुन्या पाइपांची. सुनंदाचं शेवयाचं यंत्र. अँबॅसेडरचं इंजिन, ब्रेक, वायरिंग, पत्रा, रंग.
हे लिहायचं कारण, काल प्लांटमध्ये फॉर्म भरून घेतले. 'तांत्रिक पात्रता' म्हणून अर्धी ओळ. मी रेघ मारली. क्लार्क म्हणे, "कुछ तो लिखो दादा, आयटीआय-वायटीआय." एकतीस वर्षं मशीन शॉपमध्ये. रेघच बरी.
यादीत गिअरबॉक्स नाही. तो माझ्या हाताखाली काम करायला आलेल्या पुनारामनं बिघडवला. अकरा वर्षं झाली. तिसऱ्यात टाकली की गिअर सुटतो. डाव्या हातानं लिव्हर धरून चालवतो. रजा मंजूर झाली आहे, बारा दिवस. या खेपेला खोलतोच.

५ नोव्हें., मंगळ.
बॉक्स उतरवला. एकट्यानं, चेनपुलीवर. पावणेतीन तास. तेल काळं, तळाशी पितळेची चमक.
सु. म्हणे, "तो डब्बा तुळशीजवळून हटवा आधी. तेल गळून राहिलं."
शेजारचे मेश्राम भिंतीवरून, "काय, पोट फाडून राहिले का गाडीचं?"
म्हटलं, "पुनारामचं पाप काढून राहिलो."
हसले. हेच वाक्य, आणि लोक अजून हसतात.

६ नोव्हें., बुध.
बॉक्समधला खालचा शाफ्ट, लेशाफ्ट, काढला. नुसता ओढला तर आतल्या सुईएवढ्या बेअरिंग सगळ्या खाली सांडतात. म्हणून तेवढ्याच जाडीचा, थोडा आखूड दांडा मागून सरकवत न्यायचा. असा दांडा मीच लेथवर काढून ठेवला होता. एकही सुई पडली नाही.
ही बाजू पु.नं, पुनारामनं, बसवलेली. त्याची खूण आहे, छन्नीची एक रेघ. आम्ही बसवलेल्या पार्टवर खुणा करायचो. सवय माझी, त्यालाही मीच लावली; उद्या कोणी म्हणायला नको की हे माझं नव्हतं. त्याची एक रेघ, माझी पंचची तीन टिंबं.
सुया पूर्ण. वॉशर सरळ. फटीतला खेळ पातळ पानाएवढा, पाहिजे तेवढाच. काम नीट आहे. नीट आहे म्हणून लिहितो.

७ नोव्हें., गुरु.
सापडलं!
मेनशाफ्टवर तिसऱ्या-चौथ्याचा हब, गिअर धरणाऱ्या स्लीव्हच्या आतलं कडं, उलटा. लांब बाजू इंजिनाकडे पाहिजे, ती मागे. मग वरची स्लीव्ह तिसऱ्यावर पूर्ण चढतच नाही. सुटणार नाही तर काय.
सु.ला हाक मारून दाखवलं. "हे पाहा. उलटा. असा तो माणूस."
तिनं पाहिलं. पदराला हात पुसले, आत गेली.
संध्याकाळी रॉकेलनं हब धुतला. कडेला, काजळीखाली तीन टिंबं.

८ नोव्हें., शुक्र.
काही केलं नाही.
बॉक्स जोडला त्या दिवशी मला सेकंड शिफ्ट होती. एक वाजता निघालो. हब पु.नं माझ्यामागे बसवला असंच मी आजवर सांगत आलो. खोटं म्हणून नाही. मला तसंच आठवत होतं.
पंच त्यानं उचलला असेल? पंच माझ्या खिशात असतो. शिफ्टलाही.

९ नोव्हें., शनि.
दुपारी जेवताना मीच विषय काढला. जसं झालं तसं लिहितो.
मी: तुले आठवते का, तो हब कोणी बसवला?
सु.: तुमीच.
मी: तुले काय समजते हब?
सु.: मले हब नाही समजत. मी चहा घेऊन आलती. तो म्हणे, "भइया, ए ह उल्टा लगे हे." तुमी म्हटलं, "तू तुझ्या कामाचं पाहा, मले शिकवू नको." अन् हातोडी घेऊन ठोकला.
मी: मंग इतके वर्स कावून नाही बोलली?
सु.: तुमाले कोन सांगन? अन् सांगून तुमी आयकले असते का?
तिनं भात वाढला. मी उठलो. मग पुन्हा बसलो, अन्न टाकून उठायची आपल्याकडे रीत नाही.

१० नोव्हें., रवि.
फाइल घेतली. टिंबं घासून टाकायची म्हणून. एक गेलं. मग हात थांबला. दोन आहेत.
कोणाला दाखवायचा होता हा हब? गाडीत जाणार, तेलात राहणार.

११ नोव्हें., सोम.
पु. तेव्हा सुपेल्यातल्या गॅरेजमध्ये होता. शेठचा भरवशाचा माणूस. मी शेठला चहाच्या टपरीवर सांगितलं, हाताला अक्कल नाही त्याच्या, माझा बॉक्स खाल्ला. मी सांगितलं म्हणजे लोक मानतात. कोणता आवाज कुठून येतो ते मी उभ्या उभ्या सांगतो, हे सगळ्यांना माहीत. महिन्याभरात त्याला काढलं. आता जामुलला ट्रकखाली ग्रीस भरतो, असं ऐकून आहे. ऐकलं तेव्हा बरं वाटलं होतं.
मेश्राम आजही भिंतीवरून, "सापडलं का पाप?"
"वॉशर घिसला होता," म्हटलं.
हे आज बोललो. अकरा वर्षांपूर्वी नाही, आज.

१३ नोव्हें., बुध.
बॉक्स बंद केला. हब सरळ. दुपारी चढवला, नवं तेल.
चालवली. तिसरा धरतो. लिव्हर सोडलं तरी धरतो. आवाजसुद्धा नाही. अकरा वर्षांत गाडी अशी चालली नव्हती, आणि मला काहीच वाटलं नाही. डावा हात तिथंच.
जामुलपर्यंत गेलो. सिमेंटच्या ट्रकांची रांग. एका ट्रकखालून दोन पाय, चप्पल बाजूला काढून ठेवलेली. पु.च. काम करताना चप्पल काढतो. इंजिन चालूच ठेवलं. तो बाहेर सरकला, गाडीकडे पाहिलं. मला पाहिलं की नाही, काचेवर ऊन होतं. मान एका बाजूला कलती केली, आवाज ऐकतो तशी. मग ग्रीसची दुसरी बंदूक घेऊन परत खाली.
गाडी फिरवली.

१४ नोव्हें., गुरु.
रजेचा शेवटचा दिवस. सु. विचारते, "भेटला का?"
"कामात होता."
"अन् तुमी?"
शनिवारी सुटी आहे. बघू.
एक गोष्ट सु.लाही माहीत नाही. गिअर सुटायला लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी पु. सायकलवर आला होता. आत आला नाही, अंगणाबाहेरूनच म्हणे, "भइया, एक घांव दुनो झन खोल के देख लेथन. मजूरी झन देबे." मजुरी नको, दोघं मिळून एकदा खोलून पाहू. गॅस्केट आणि तेल मिळून तीनशे साठ लागत होते. अर्धे तो भरणार होता. नोटा मोजून वरच्या खिशात घालून आला होता, दिसत होत्या. मी नको म्हटलं. माझ्या वाट्याचे एकशे ऐंशी रुपये वाचवायला.