पासष्टीनंतर सोबती आवश्यक

सोमवार, ३ मार्च. पहाटे ५.४०
आज पासष्ट पूर्ण. पालिकेच्या जलतरण तलावाचा पासही कालच संपला. रिन्यू करायला दोन मिनिटं, मग नेहमीच्या वीस फेऱ्या. संकल्प: यंदा पंचवीस.

सकाळी ७.१५
पास नाही. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पासष्टीनंतर सोबती हवा, तसा नियम आहे. मला नियम सांगतात. अकरा वर्षांपूर्वी पालिकेत हेडक्लार्क असताना तो मसुदा मीच केला. पण तो म्हाताऱ्यांसाठी होता. उद्या शांतपणे समजावीन.

मंगळवार, ४ मार्च
समजावलं. बाईंनी भिंतीवरची फ्रेम दाखवली. नियम, खाली माझी सही. सही झोकदार आली आहे. पास नाही.

गुरुवार, ६ मार्च
हिला सोबती म्हणून चल म्हटलं. म्हणाली, अडतीस वर्षं सोबतच करतेय, सकाळचा एक तास तरी सोडा. गंमत करत असावी. उद्या येईल.

शुक्रवार, ७ मार्च
आली नाही.

रविवार, ९ मार्च
सात दिवस अंगाला तलावाचं पाणी नाही. कुणाला सांगत नाही, इथे लिहितो. रिटायर झाल्यापासून घरात माझं मत कुणी विचारत नाही. तलावात मात्र मी आलो की तरुण मंडळी आपणहून दुसऱ्या लेनमध्ये जातात. तो तास गेला तर दिवसभर मी करू काय? विचारानेच जीव घाबरा होतो.

दुपारी
सापडलं. मसुद्यात सोबत्याच्या वयाला वरची मर्यादाच नाही. काय दूरदृष्टी. घरात आई आहे. शहाऐंशीची.

सोमवार, १० मार्च
आईला टॅक्सीने नेलं. बाईंनी विचारलं, हे बुडायला लागले तर तुम्ही काय करणार? आई म्हणाली, हाक मारीन. माझ्या मते पुरेसं होतं. बाई म्हणाल्या, सोबती फार वयस्कर आहेत.

मंगळवार, ११ मार्च
पालिकेत वय-समानता कक्ष उघडलाय. चार पानी तक्रार ठोकली. केवळ वयाकडे बघून कुणालाही तलावाच्या दारातून परत पाठवणं हा अन्याय आहे, आणि तो माझ्या मातोश्रींवर झाला आहे. लिहून झाल्यावर स्वतःलाच दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. आता पालिकेची खैर नाही.

मंगळवार, २५ मार्च
उत्तर नाही. बादलीत तोंड बुडवून श्वासाची प्रॅक्टिस केली. हिने बाथरूमचं दार ठोठावून बरं आहे ना विचारलं. फिट आहे म्हटलं. नाही आहे.

शुक्रवार, ४ एप्रिल
जिंकलो. तक्रार मान्य. पत्रात पास आईच्या नावाने लिहिलाय, क्लार्क लोकांची ही नेहमीची चूक. सोमवारी दुरुस्त करून घेतो. चड्डी, टोपी, चष्मा पिशवीत भरून तयार.

सोमवार, ७ एप्रिल
चूक नव्हती. ऐंशीच्या पुढच्यांसाठी नवी बॅच, पहिली सभासद आई. सोबती मी. माझ्या पासचं विचारलं, तर बाई म्हणाल्या, त्याला तुमचा सोबती आणा. तो नियम आहे तसाच आहे. तक्रारीत मी माझ्या वयाचा उल्लेखच टाळला होता.

आई दांडीला धरून कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली आणि हसायला लागली. इतकी हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिची कवळी माझ्या हातात. मी हळूच पाय पाण्यात सोडले, तर लाइफगार्डने शिट्टी मारली. सोबत्याने कोरडं राहायचं. पाय काढून घेतले.

बाहेर आल्यावर आईने वर्षाचा पास काढायला सांगितलं, रोजचा. सोबत्याच्या रकान्यात सही केली.