गतिरोध-कळ

मंगळवार, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तू बरा आहेस ना, हे विचारत नाही. आजारी माणसाला एवढं खवचट लिहिता येत नाही.

तुझं पत्र शब्दसमितीला मिळालं. व्हिडिओ गेमबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांनी सारखेच शब्द वापरावेत, एकाच तऱ्हेने लिहावेत, म्हणून आम्ही जो कच्चा मसुदा पाठवला होता, त्याची तू सालटी काढलीस. काढ. पण वर 'माननीय सदस्या' लिहायची काय गरज होती? घर सोडल्यापासून घरी एक ओळ नाही, आणि समितीला पानंच्या पानं. अध्यक्षांनी ते भर बैठकीत वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आडनाव एकच दिसतंय. हे गृहस्थ आपल्या ओळखीचे का?"

मी म्हटलं, "असतील."

तुझं म्हणणं, समितीत एकानेही जन्मात गेम खेळलेला नाही. खरं आहे. आमच्या अध्यक्षांना ऑफिसातली पोरं शुद्धाचार्य म्हणतात; त्यांना लिफ्टचं बटण दाबायलाही माणूस लागतो. 'गेम' तो की ती, यावर बैठकांचं गुऱ्हाळ चाललं. 'व्हिडिओ'तला 'डि' ऱ्हस्व की दीर्घ, यावर एक सदस्य रुसून चहा न घेता निघून गेले. शब्द हात वर करून ठरतो. ज्याला झोप लागलेली असते त्याचा हात शेजारचा वर करतो.

पण म्हणून तुम्ही लिहिणारे फार दिवे लावता असं समजू नकोस. एकाच लेखात एकाच गोष्टीला तीन नावं द्यायची, आणि वाचणाऱ्याला कळलं नाही की त्यालाच मठ्ठ ठरवायचं. तुमचे लेख तपासून माझे डोळे गेले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून मी एक नियम करून घेतला. कुठलाही शब्द यादीत जाण्याआधी तो वाक्यात घालून कधीच न खेळलेल्या माणसाला सांगायचा. त्याला तो वापरून खेळता आलं तर शब्द पास. नियम लगेच मंजूर झाला, कारण सगळ्यांना घरी जायचं होतं. पण खेळायला ऑफिसात कोणी तयार होईना. घरात एकच माणूस रिकामा होता.

हो, बाबाच. हसू नकोस.

माळ्यावरून तुझं गेमचं खोकं काढलं. "हे भंगार अजून टाकलं नाही?" असं म्हणाले, आणि चष्मा पुसून समोर येऊन बसले. जुन्या चादरीत गुंडाळून ते वर ठेवलं होतं तेही त्यांनीच.

तुझा तो घाटातल्या मालट्रकचा गेम लावला. त्याच ट्रकवरून तर सगळं झालं. सगळ्या गावाला ड्रायव्हिंग शिकवलेला माणूस, आणि पोटचा पोरगा खऱ्या गाडीला हात लावायला घाबरतो. "ह्याला स्टिअरिंग दिलं तर हा पॉजचं बटण शोधेल," असं पाहुण्यांसमोर म्हणाले. ते वाईटच झालं. पण तूही काय कमी? बाबांनी स्वतः बोलावल्याशिवाय या घरात पाय ठेवणार नाही म्हणालास. बाबांनी जन्मात कोणाला बोलावलंय? एक हट्टी, दुसरा सवाई हट्टी, आणि मधल्या मध्ये माझा पोस्टमन.

पहिल्या दिवशी म्हणाले, "क्लच नाही ती कसली गाडी? बनवणाऱ्याने कधी टायर बदललाय का?" दुसऱ्या दिवशी मी घरी पोचायच्या आत ट्रक अर्धा घाट चढलेला. शेजारच्या काकांना सांगत होते, मुलीच्या ऑफिसचं काम आहे, नाइलाज आहे.

आपली गाडी विकली, कळलं असेलच. क्लासही बंद केला. वय झालं, दुसरं काय.

तर, घाटाच्या शेवटी तो उतार आहे, जिथे दोघं लागतात. एकाने स्टिअरिंग सांभाळायचं, दुसऱ्याने ब्रेक. बाबांनी दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. (कंट्रोलर म्हणत नाहीत, रिमोटच म्हणतात. समितीने काय करायचं ते करावं.) ब्रेकच्या बटणाला अध्यक्षांनी 'गतिरोध-कळ' हा शब्द काढलाय. नियम म्हणजे नियम, म्हणून मी बाबांना बजावलं, यादीतलाच शब्द वापरायचा. उतार आला. जन्मभर शेजारच्या सीटवरून लोकांना ब्रेक दाबायला सांगितलेला माणूस म्हणाला, "गति... गतिरो... अगं ती कळ..." आणि ट्रक दरीत. त्यानंतर जे बोलले ते कुठल्याच यादीत घालता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी 'ब्रेक'साठी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, हे परभाषेचं लांगूलचालन आहे. मी म्हटलं, "सर, तुम्ही एकदा दरीत जाऊन या." 'ब्रेक' पास झाला. तुझ्या पत्रातली तेवढी एक मागणी मान्य झाली असं समज, आणि फार शेफारू नकोस.

पण 'ब्रेक' म्हणूनही ट्रक रोज पडतोच. आणि ते माझ्यामुळे नाही.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. बाबांचा उजवा हात थरथरतो. म्हणतात, रिमोटच तसा आहे. खडबडीत रस्ता आला की रिमोट थरथरतोच, म्हणून मीही मान डोलावली. परवा ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी सेटिंगमध्ये जाऊन ती थरथर बंद केली. मग रस्ताभर मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्या हाताकडे बघत होते. हात तसाच हलत होता. गाडी का विकली ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं रे. ते झोपल्यावर मी थरथर परत चालू करून ठेवली.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, आधी हा उतार होऊ दे.

काल ट्रक पुन्हा पडला. बाबांनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला. "तुला नाही जमायचं. त्याला बोलाव."

मी मुद्दाम विचारलं, "कोणाला?"

"अशी किती पोरं आहेत मला?"

हे बोलावणं झालं की नाही, ते तू ठरव. शब्दांचा कीस पाडायची एवढी हौस आहे ना, मग हाही पाड. स्वतः फोन करणार नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नकोस. वाट बघतोय असंही म्हणणार नाहीत. मीही म्हणणार नाही, डोक्यावर बसशील. पण दुसरा रिमोट ते रोज आठवणीने चार्जिंगला लावतात, आणि आता मला हात लावू देत नाहीत.

सदस्या नव्हे,
तुझी ताई