इवलीशी वाटी

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

आपल्या भांडणाला तीन वर्षं झाली आणि आज वहिनी तुझ्या बाळाला माझ्याकडे सोनोग्राफीला घेऊन आली. त्याचा डावा गुडघा नीट वाकत नाही. "वन्सं, एक्स-रेत याच्या गुडघ्याला वाटीच दिसत नाही. हा चालणार कसा?" म्हणून ती रडायलाच लागली. एवढ्या तान्ह्या बाळाची वाटी मऊ असते रे, ती एक्स-रेत उमटतच नाही.

जेलची बाटली काखेत धरून मी आधी कोमट केली. मग नेहमीसारखा चांगला गुडघा पहिल्यांदा बघितला, कारण दुसरा त्याच्याशीच ताडून बघायचा असतो. तुझा लेक तुझ्यासारखाच लाथा झाडत होता. डाव्या गुडघ्यावर आले तेव्हा हात अगदी हळू सरकवला. वाटी होती! शेंगदाण्याएवढी, जागच्या जागी. सांधाही जागेवर. व्यायामाने गुडघा वाकेल.

दिसलं ते सगळं रिपोर्टमध्ये लिहायचं, हा माझा नियम. आज एक गोष्ट गाळली. दाराच्या काचेला नाक लावून तू उभा होतास. मी स्क्रीन तुझ्याकडे वळवला.

तुझी,
शेंबडी