बाबांविषयी सांगितलेली साक्ष

प्रिय आई,

प्रभूच्या नावाने तुला सलाम, आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यालाही.

मी ठणठणीत आहे. हॉटेलातली गादी इतकी मऊ आहे, की सकाळी मला तिच्यातून शोधून काढावं लागतं. माझी गाणी ऐकलेले लोक लिफ्टमध्येही माझ्याबरोबर फोटो काढतात. तुझं कौतुक उतू जाण्याआधी पुढचं वाच.

परवा टीव्हीवाल्यांनी भरल्या सभागृहात माझी साक्ष रेकॉर्ड केली, प्रभूने आयुष्यात काय केलं त्याची. मी खरं तेच सांगत होतो, संस्कृतची मास्तरकी आणि चर्चमधलं गायन. मुलाखत घेणाऱ्या बाई जांभई दाबू लागल्या. तेव्हा मी बोलून गेलो, की बाबा दारू पिऊन तुला मारायचे आणि माझ्या प्रार्थनेने त्यांची दारू सुटली. सभागृह रडलं. टाळ्या थांबेनात, आणि आई, मला बरं वाटलं.

खोकल्याच्या औषधालाही तोंड वाकडं करणारे आपले बाबा! अतिशयोक्ती हा अलंकार म्हणून वर्गात शिकवला, तो मी गेलेल्या बापाच्या गळ्यात घातला.

आज निर्मात्याला तो भाग कापा म्हटलं. तो हसला. "अहो सर, जाहिरात त्याच्यावरच तर चाललीये!"

कार्यक्रम शुक्रवारी लागेल. रविवारी मोठ्या मैदानात माझं गाणं आहे. गाण्याआधी मी खोटं बोललो हे सांगणार आहे. नंतर कुणी गायला बोलावेल असं वाटत नाही. प्रार्थना कर.

शुक्रवारी शेजारची मावशी टीव्ही बघायला येईलच. ती बाबांच्या फोटोकडे टक लावून बघू लागली, तर सांग, खोटारडा टीव्हीतला आहे, भिंतीवरचा नव्हे.

अजूनही त्यांचंच नाव लावणारा,
तुझा थोरला