तू ठेवलेलं नाव

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

शनिवारी आमच्या निसर्गपूजक पेगन मंडळींच्या सुगीच्या उत्सवात मी मतदार नोंदणीचं टेबल मांडलं. निम्म्यांनी फॉर्मवर दीक्षेतली नावं लिहिली, कुणी चंद्रकावळा, कुणी ओकवृक्षाची लेक. त्या सगळ्यांकडून खऱ्या नावानं पुन्हा भरून घेतले.

डेल्बर्ट नावाच्या मास्तरांनी मात्र पेन खाली ठेवलं. "खरं नाव इथं लिहिलं, शाळेत मी पेगन असल्याचं कळलं, की नोकरी गेली समजा."

"अहो, फॉर्म धर्म विचारतच नाही."

तरी हात पुढे येईना. ओहायोत आल्यापासून माझीही नोंदणी राहिली होती. दीक्षा घेतल्यापासून नऊ वर्षं तू ठेवलेल्या ज्या नावाला मी ओ दिली नाही, ते त्यांच्यासमोर ठळक लिहिलं. त्यांनी पेन उचललं.

येत्या शनिवारीही टेबल मांडून बसणार आहे. तुझ्या चर्चमध्ये कुणी विचारलं तर मी पेगन आहे हे खुशाल सांग.

तुझीच,
अर्लीन